विंगेतला खोकला

इंदूरच्या मराठी नाटकांना तुम्ही वर्षानुवर्षं पहिल्या रांगेत बसत असाल, तरी यमुनाताई फणसे तुम्हाला ठाऊक नसणार. त्यात तुमची चूक नाही. त्या तुम्हाला कधी दिसल्या किंवा ऐकू आल्या असत्या, तर त्यांनी स्वतःला माफ केलं नसतं. त्या आमच्या मंडळाच्या प्रॉम्प्टर. डाव्या विंगेत, पडद्याच्या घडीआड, बुटक्या स्टुलावर बसायचं, मांडीवर संहिता, हातात छोटी बॅटरी, आणि नट अडला की त्याला पुढचे दोन शब्द पुरवायचे. दोनच. तिसरा दिला की नट आळशी होतो, असं त्यांचं ठाम मत.

तो आळशी नट म्हणजे मी. नाव हृषीकेश, विमा कंपनीत नोकरी, आवाज दणदणीत आणि पाठांतराच्या नावाने बोंब. मला मोठ्या भूमिका माझ्या गुणांमुळे मिळतात असं मी बाहेर सांगतो. खरं तर यमुनाताई विंगेत असतात म्हणून मिळतात. मी स्टेजवर गप्प झालो तर तो अभिनय आहे की डोकं कोरं झालंय, हे त्यांना माझ्या खांद्यांवरून कळतं. अभिनय असेल तर त्या हूं की चूं करत नाहीत. कोरं झालं असेल तर शब्द येतो, फक्त माझ्या कानापुरता.

आणि या बाईचा मला भयंकर राग येतो. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढे मी त्यांचं कौतुक करायला लागेन आणि तुम्हाला वाटेल हा म्हातारपणी हळवा झाला.

फणसे म्हणजे होळकरांच्या फौजेबरोबर माळव्यात आलेलं घराणं. यमुनाताईंचे आजेसासरे संस्थानच्या घोडदळात होते, आणि त्यांच्या घरी कोणी फार ताठ्यात बोललं की अजून ‘घोड्यावरून खाली उतर’ म्हणतात. आता घोडा नाही न पागा नाही. अन्नपूर्णा मंदिराच्या मागच्या गल्लीत दुसऱ्या मजल्यावर घर आहे. यजमान गेले, मुलगा देवांश कामानिमित्त सदा फिरतीवर, घरात सून पलक. यमुनाताई शहराबाहेर, बेटम्याच्या सरकारी शाळेत क्लार्क आहेत आणि गंगवाल बसस्टँडवरून रोज अप-डाउन करतात. संध्याकाळी परतल्या की चहा घेऊन सरळ राजेंद्र नगरच्या सभागृहात, तालमीला. कोणी विचारलं की थकत नाही का, तर म्हणतात, ‘बसून तर असते मी, थकायचं काय त्यात?’

दोन-अडीच वर्षांपूर्वी त्यांचं डोकं फार दुखायला लागलं, लघवीला फेस यायला लागला, म्हणून तपासण्या झाल्या. दोन्ही किडन्या निम्म्याहून कमी काम करतायत, असं निघालं. कारण बहुधा ब्लडप्रेशर, जे त्यांनी कधी मोजलंच नव्हतं. किडनीच्या डॉक्टरीणबाई तरुण, हुशार आणि कायम घाईत. बाहेर बाकांवर पेशंट मावत नाहीत, त्या तरी काय करणार. त्यांनी गोळ्या लिहून दिल्या आणि त्यातल्या एका लहानशा गोळीवर पेनाने टकटक करून बजावलं, ‘ये आपकी किडनी की चौकीदार है. कुछ भी हो जाए, ये बंद नहीं करनी.’

गोळ्या सुरू झाल्या आणि गोळ्यांचे त्रासही सुरू झाले. एका गोळीने उठून उभं राहिलं की डोळ्यांपुढे अंधारी यायची. मग बसमधून उतरताना त्या आधी दांड्याला धरून जरा थांबायला लागल्या, आणि मागचा कोणी ‘आंटी, जल्दी करो’ म्हणाला की त्याच्याकडे असं बघायच्या की तोही थांबायचा. लोहाच्या गोळीने पोट आवळून यायचं आणि तोंडाला दिवसभर कळकट पितळी चव. शरीरातलं पाणी काढणाऱ्या गोळीने घडोघडी उठावं लागे. ते बसमध्ये अशक्य, तालमीत त्याहून अशक्य. म्हणून ती गोळी शाळेत पोचल्यावर घ्यायची, असं त्यांनी डॉक्टरांना विचारून ठरवलं. शेव सोडली. इंदुरात राहून शेव सोडणं म्हणजे काय, ते बाहेरच्याला नाही कळायचं. इथे पोह्यांवर शेव, भाजीत शेव, नुसती मुठीतही शेव. तालमीला आम्ही सगळे पोहे हाणत असायचो तेव्हा त्या डब्यातून आणलेलं अळणी काहीतरी खायच्या आणि वर आमच्याच उच्चारांच्या चुका काढायच्या. कुरकुर नाही, रडगाणं नाही.

आणि मग खोकला आला.

कफ नाही, ताप नाही, घसा लाल नाही. नुसती कोरडी खाज उठायची आणि एकदा ठसका लागला की डोळ्यांतून पाणी येईपर्यंत थांबायचा नाही. गल्लीतल्या डॉक्टरने मोसमाचा खोकला म्हणून बाटली दिली. ती संपली, मोसमही बदलला, खोकला होता तिथेच.

दुसऱ्या कोणाला खोकला झाला असता तर गोष्ट इथेच संपली असती. पण प्रॉम्प्टरला खोकला! हल्ली स्टेजवर वरून माइक टांगलेले असतात. विंगेतली कुजबुज एक वेळ सुटते, खोकला पार शेवटच्या रांगेपर्यंत जातो. त्यातून आमचं नाटक स्पर्धेला उतरणार होतं. मी त्यात एका निवृत्त न्यायाधीशाचं काम करत होतो, आणि दुसऱ्या अंकात माझं एक लांबलचक स्वगत होतं. त्या स्वगताच्या ऐन मध्यावर, जिथे न्यायाधीश आपला निकाल चुकला होता हे कबूल करतो, तिथे तालमीत सलग तीन वेळा विंगेतून ठसका आला. यमुनाताई पदर तोंडात कोंबून वाकल्या होत्या. पाठ हलताना मला दिसत होती. आवाज मात्र कोंडला जात नव्हता.

आमचा लेखक-दिग्दर्शक सुजय आमच्याहून पुष्कळ लहान. पुण्याहून इथल्या कॉलेजात शिकवायला आलेला, शुद्ध बोलणारा, स्वभावाने वाईट नाही. त्याने मला बाजूला घेतलं.

‘हृषीदा, तुमच्या कानात एक छोटा इअरपीस लावू या. मागे खोलीत बसून कोणीही वाचेल. ताईंनाही विश्रांती मिळेल.’

‘भिया,’ मी इंदुरी थाटात म्हणालो, ‘माझ्या कानात यंत्र घातलंस ना, तर मी न्यायाधीशाच्या कोटातच सीधा घरी जाईन.’

‘मग दुसरा उपाय सांगा. परीक्षकांना खोकला ऐकू गेला तर प्रयोग गेलाच.’

दारात यमुनाताई उभ्या होत्या. हातात पाण्याची बाटली. सगळं ऐकलं होतं त्यांनी. त्यांचा चेहरा पडलेला मी पहिल्यांदाच पाहिला.

‘सुजय, मला शोपर्यंत टाइम दे,’ त्या म्हणाल्या. ‘खोकला गायब करून दाखवते. नाही झाला तर तू बोलशील तसं.’

आता आमच्या मंडळाची एक रीत सांगायला हवी. नटराजापुढे नारळ फुटला की तिसऱ्या घंटेआधी प्रत्येकाच्या हातावर ज्येष्ठमधाची एक काडी पडते. इथल्या बाजारात तिला मुलेठी म्हणतात. गाणारे, बोलणारे, कीर्तन करणारे, सगळे घशासाठी हीच चघळतात, आणि त्या चवीशिवाय मला तर स्टेजवर पाऊलही टाकवत नाही. काड्यांची डबी यमुनाताईंकडे असते. तेव्हा खोकल्यावर उपाय काय, हा प्रश्न आम्हाला पडलाच नाही. नाटकात माझ्या मुलीचं काम करणारी पूर्वा मधात कालवलेली ज्येष्ठमधाची पूड घेऊन आली. कोणी जाड काड्या आणल्या, कोणी काढ्याची कृती सांगितली. यमुनाताई सकाळी काढा, दिवसभर गालात काडी आणि झोपताना पूड, असा सपाटा लावून बसल्या. इतकं साधं, घरगुती, गोड औषध. ते कोणाला बाधेल असं आमच्यापैकी एकाच्याही मनात आलं नाही.

पण खोकला काही हटेना. तेव्हा बेटम्याच्या बसमध्ये प्रेमलता मॅडम त्यांना म्हणाल्या, ‘अरे, मेरे पापा को भी यही छोटी वाली गोली थी और यही खांसी. बंद की, तो धीरे-धीरे चली गई.’ प्रेमलता मॅडम त्यांच्याच शाळेत विज्ञान शिकवतात, तेव्हा म्हणणं खरं वाटलं. आणि ते खरंच होतं. गोळी तीच होती, चौकीदार. पुढे त्या पापांना काय दिलं, हे मॅडमना माहीत नव्हतं आणि यमुनाताईंनी विचारलं नाही.

दुसऱ्या दिवसापासून त्यांनी ती गोळी बंद केली. बाकीच्या घेत होत्या. ही एक मात्र रोज सकाळी पाकिटातून काढायच्या आणि गॅलरीतल्या कुंडीत बोटाने खोल दाबायच्या, म्हणजे पलकने पाकीट उलटसुलट करून पाहिलं तरी तिला शंका येऊ नये.

हे सगळं मला नंतर कळलं. तुम्हाला आत्ताच सांगतोय, कारण पुढचे दिवस आमचे जसे मजेत गेले, तसे तुमचे जायला नकोत.

डॉक्टरांना का नाही विचारलं? पाण्याच्या गोळीची वेळ विचारता आली होती की! हा प्रश्न मी त्यांना नंतर चांगला आवाज चढवून विचारला. त्या शांतपणे म्हणाल्या, ‘विचारलं असतं तर त्या बोलल्या असत्या, सहन करा. मग मला नाटक सोडावं लागलं असतं. नाही विचारलं, म्हणजे कोणी नाही म्हटलेलं नाही.’ ऐकून माझ्या डोक्यात तिडीक गेली. पण खरं सांगायचं तर हा हिशेब मला लगेच समजला. त्यांच्या मनाने एकदा घेतलं होतं की किडनी आणि नाटक यातलं एकच काहीतरी हाती राहणार. स्पर्धा होईपर्यंत नाटक, मग पुन्हा गोळी सुरू. थोड्या दिवसांचा तर प्रश्न.

खोकला हळूहळू विरत गेला. तालमीत आम्ही ज्येष्ठमधाचा जयजयकार केला. स्वगत एकदाही ठसका न लागता पार पडलं त्या दिवशी सुजयने यमुनाताईंना वाकून नमस्कार केला आणि इअरपीसचं नाव टाकलं. त्या इतक्या खुशीत होत्या की मला चक्क तिसरा शब्दही दिला.

त्याच दिवसांत त्यांची चप्पल पायात शिरेना, त्या तालमीला पलकच्या सैल सपाता घालून यायला लागल्या. बांगड्या घट्ट झाल्या. चेहरा भरला. ‘ताई, तब्येत सुधारली बरं का तुमची,’ मी म्हणालो आणि त्या हसल्या. डोकं दुखतं म्हणायच्या, पण परीक्षा, शाळेचं काम, बसचे धक्के, डोकं कोणाचं दुखत नाही? पलकला सूज दिसली होती. ‘आई, एकदा दाखवून येऊ ना, प्लीज,’ ती मागे लागली होती. ‘शो झाला की,’ हे उत्तर. डॉक्टरांची ठरलेली तारीखही त्यांनी शोनंतरवर ढकलली.

प्रयोगाच्या संध्याकाळी नारळ फुटला, काड्या वाटल्या गेल्या, तिसरी घंटा झाली. सभागृह भरलेलं. मी स्टेजवर गेलो तेव्हा यमुनाताई स्टुलावर होत्या, संहिता मांडीवर, बॅटरी पेटलेली. सगळं नेहमीसारखं.

पहिला अंक बराच पुढे गेला आणि मुलीशी होणाऱ्या भांडणात माझं डोकं कोरं झालं. घाबरलो नाही. सवयीने अर्धं पाऊल डावीकडे सरकलो आणि थांबलो.

शब्द आला नाही.

वाटलं, त्यांना पॉज वाटला असेल. मी खांदे पाडले, त्यांना कळतील असे. काहीच नाही. पुढच्या रांगेत कोणीतरी कार्यक्रमपत्रिका दुमडली, ती मला ऐकू आली. कानशिलं तापली. पूर्वा माझ्याकडे बघत होती आणि तिच्या डोळ्यांत मला कळलं की आता ही शांतता प्रेक्षकांनाही कळायला लागली आहे. मग विंगेतून शब्द आले. आले ते मागच्या प्रवेशातले.

पूर्वा पोरगी गुणी. ती एकदम उसळून म्हणाली, ‘म्हणजे बाबा, मी हे घर सोडून जावं, असंच म्हणायचंय ना तुम्हाला?’ तेच माझं वाक्य होतं. मी ‘हो!’ म्हणून ओरडलो, प्रेक्षकांना तो संताप फार आवडला, आणि अंक कसाबसा पडद्यापर्यंत ओढत नेला.

पडदा पडताच मी विंगेत घुसलो. मला कोणाचं तरी डोकं फोडायचं होतं.

‘ताई, काय चाललंय हे? झोप लागली होती का?’

त्यांनी मान वर केली. बॅटरी संहितेवरच होती. ‘हृषी, अक्षरं दिसत नाहीयेत,’ त्या म्हणाल्या. ‘मघापासून सगळं धूसर आहे. तोंडपाठ होतं तसं बोलले.’

राग कुठल्या कुठे गेला. मी खाली पाहिलं. सपाता बाजूला काढलेल्या, आणि पाय असे सुजलेले की घोटा कुठला ते ओळखू येत नव्हतं. एक हात त्यांनी कपाळावर दाबून धरला होता.

‘काय झालंय? खरं सांगा.’

मग त्यांनी सांगितलं. चौकीदार, बसमधल्या मॅडम, कुंडी. सगळं दोन-चार वाक्यांत, एखाद्याचा संवाद वाचून दाखवावा तितक्या कोरडेपणाने. सुजय माझ्या मागे उभा होता. त्याच्या चेहऱ्याचा रंग उडाला. त्याने एकाला रस्त्यापलीकडच्या औषधाच्या दुकानात पिटाळलं, पलकला प्रेक्षागृहातून बोलावून घेतलं. दुकानदार स्वतःच यंत्र घेऊन आला, पट्टा बांधला, आकडा पाहिला, आणि पट्टा सोडून पुन्हा बांधला. दुसऱ्यांदाही तेच. वरचा आकडा दोनशे वीसच्या वर.

‘भैया, इनको अभी के अभी हॉस्पिटल ले जाओ,’ तो म्हणाला. ‘दिमाग की नस का मामला हो सकता है.’

पलकच्या हातातली पर्स खाली पडली. ‘आई, चला. गाडी गेटवर आहे.’

‘एकच अंक राहिलाय,’ यमुनाताई म्हणाल्या. ‘तेवढ्यात कोणी मरत नाही.’

‘मरतं!’ मी ओरडलो. पडद्यापलीकडे लोक चहा पित होते, त्यांनाही ऐकू गेलं असेल. मी त्यांच्या मांडीवरची संहिता ओढली. त्यांनी सोडली नाही. साठीला आलेली दोन माणसं एका वहीवरून ओढाताण करत होती आणि कोणाला हसू येत नव्हतं. ‘नाटक बंद करतो मी,’ मी म्हणालो. ‘सुजय, जाहीर कर. प्रयोग रद्द. मी ताईंबरोबर जातोय.’

सुजयने माझा शब्द झेलला असता, हे मी त्याच्या बाजूने सांगतो.

पण यमुनाताईंनी माझं मनगट धरलं. पकड लोखंडी. ‘ऐक. तू स्टेजवर जाणार असशील तर मी गाडीत बसते. तू पडदा पाडलास तर मी या स्टुलावरून हलणार नाही. मग जे होईल ते इथे होईल.’

‘मला तुमच्याशिवाय दुसरा अंक येत नाही!’

‘येतो. अडलास तर अड. लोकांना काय पता, तुला काय बोलायचं होतं ते?’

मी पलककडे पाहिलं. ती रडत होती आणि हात जोडत होती. मला कळेना ती मला जा म्हणतेय की थांब म्हणतेय. पाच मिनिटं वाया गेली होती. मी संहिता सोडली. ‘जातो,’ म्हणालो. यमुनाताई लगेच उठल्या, झोकांडी गेली, पलकने आणि दुकानदाराने दोन बाजूंनी धरलं. मागच्या दाराने बाहेर पडताना त्यांनी एकदाही वळून पाहिलं नाही.

दुसऱ्या अंकाला सुजय प्रॉम्प्टिंगला बसला. त्याने नाटक लिहिलं होतं, पण माझे खांदे त्याला वाचता येत नव्हते. मी जरा थांबलो की तो घाईघाईने शब्द फेकायचा आणि मी पॉज घेत असेन तर घसरायचो. शेवटी मी पाठीमागे हात नेऊन त्याला गप्प बसायची खूण केली. मनात सारखं येत होतं, गाडी कुठवर पोचली असेल, सिग्नलला अडकली असेल का, ताई बोलतायत का. स्वगतात ‘माझा निकाल चुकला’ म्हणताना माझा आवाज फाटला आणि त्यापुढचं एक अख्खं पान मी गाळलं. टाळ्या पडल्या. लोकांना काय पता.

पडदा पडला तसा मी मिशी-कोटासकट हॉस्पिटलात गेलो. आयसीयूच्या बाहेर पलक एकटी बसली होती. ‘वरून खाली हळूहळू आणतायत बीपी,’ ती म्हणाली. ‘एकदम नाही आणता येत म्हणे. किडनीचं पण काही खरं नाही, डायलिसिस लागू शकतं बोलले.’ मी तिच्या शेजारी बसलो. समोरच्या माणसाने माझ्या नकली मिशीकडे पाहिलं. मला ती काढायचं सुचलंच नाही. आयुष्यात इतका घाबरलो नव्हतो, हे लिहायला मला लाज वाटत नाही.

मेंदू वाचला. डोळे निवळले. डायलिसिस करावं लागलं नाही. घरी सोडलं, आणि पुढच्या तपासणीला पलकबरोबर मीही गेलो, कारण ही बाई डॉक्टरांसमोर पुन्हा तोंड मिटून बसेल याची मला खात्री होती. बाकांवर तशीच गर्दी. आत गेलो तर डॉक्टरीणबाईंनी रिपोर्टवरून नजर न काढता आधी मुलेठीचा समाचार घेतला. ‘कभी-कभार की बात अलग है. रोज़ इतनी लेंगी तो बीपी चढ़ता है, सूजन आती है. और उसी वक्त आपने गोली भी बंद कर दी. क्यों की बंद?’

‘खांसी आती थी, मॅडम. उसी गोली से.’

डॉक्टरीणबाईंचं पेन थांबलं. त्यांनी पहिल्यांदाच नीट वर पाहिलं.

‘तो बताया क्यों नहीं? कुछ लोगों को आती है. दूसरी गोली दे देती मैं. काम वही करती है, खांसी नहीं होती.’

यमुनाताईंनी हात मांडीवर ठेवले होते, तळवे वर करून.

‘ये दूसरी वाली,’ त्यांनी विचारलं, ‘अभी नई निकली है?’

‘नहीं आंटी. मैं कॉलेज में पढ़ती थी, तब भी थी.’

‘आपने भी तो नहीं पूछा, खांसी आती है क्या.’

मला वाटलं आता डॉक्टरीणबाई चिडणार. नाही चिडल्या. ‘हाँ,’ त्या म्हणाल्या. ‘पूछना चाहिए था मुझे.’ मग रिपोर्ट त्यांनी आमच्याकडे फिरवला आणि सांगितलं, गेलेलं सगळं परत येणार नाही. आधी सात-आठ वर्षं सहज निघतील असं वाटत होतं. आता दोन-तीन वर्षांत डायलिसिसची तयारी ठेवायला हवी. रक्ताचे आकडे जरा स्थिरावले की ती दुसरी गोळी सुरू करू.

पलक औषधं आणायला खाली गेली. मी यमुनाताईंना बाहेरच्या बाकावर बसवलं. कोणीतरी सरकून जागा दिली. त्यांना धीर देण्यासाठी मी तोंडाला येईल ते बोलत होतो, दोन-तीन वर्षं म्हणजे पुष्कळ, तोवर काय काय निघेल, आणि पुढच्या नाटकाच्या तालमी सुजय तुम्ही बऱ्या झाल्याशिवाय सुरूच करणार नाही. त्या ऐकत नव्हत्या. समोरच्या भिंतीकडे बघत होत्या.

‘मला वाटलं, एकच काहीतरी राहणार,’ त्या म्हणाल्या. ‘म्हणून मी एक सोडलं.’

मी बडबड थांबवून त्यांच्याकडे वळलो.

‘दोन्ही राहिलं असतं रे, हृषी. नुसतं विचारायचं होतं.’

आणि मग त्या रडल्या. आवाज न दाबता, पदर तोंडाला न लावता, एवढ्या माणसांत. मी त्यांच्या पाठीवर हात ठेवला आणि पलक येईपर्यंत काढला नाही.